घराच्या नकाशाचं सॉफ्टवेअर : ‘कायमचा परवाना’ ते वर्षाचं भाडं

४ नोव्हेंबर २०२० नंतर घराचं थ्रीडी मॉडेल करायचं स्केचअप प्रो एकरकमी विकत मिळेनासं झालं. त्याआधी ६९५ डॉलर भरले की त्या वर्षाची आवृत्ती आपली होई. त्यानंतर दर वर्षी भाडं भरायचं (२०२० मध्ये ते २९९ डॉलर होतं) आणि भरणं थांबलं की दार बंद. नकाशे काढायच्या ऑटोकॅडनं हे जवळपास पाच वर्षं आधीच केलं होतं. ३१ जानेवारी २०१६ ही त्याच्या सुट्या कायमस्वरूपी परवान्याच्या विक्रीची शेवटची तारीख, आणि अनेक पॅकेजं एकत्र असलेल्या संचांना आणखी सहा महिने, म्हणजे ३१ जुलैपर्यंत मुदत मिळाली. घरं, फ्लॅट आणि स्वयंपाकघरं काढणाऱ्या लहान ऑफिसांचं सगळं गणित २०१६ ते २०२० या काळात बदललं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ऑटोकॅड १९८२ सालचं, किंमत सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास. पुढं अमेरिकेत नव्वदच्या दशकात थ्रीडी होम आर्किटेक्टसारखी घरगुती पॅकेजं दुकानातल्या फळीवर डब्यातून विकली जाऊ लागली. आपल्याकडे त्यांचा फारसा उपयोग नव्हता, कारण त्यांतल्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, छपरं उतरती, आणि आपलं काम आरसीसी कॉलम, बीम, स्लॅबचं. आपल्या ऑफिसांत ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंट यांच्या जागी आलं ते ऑटोकॅडच.

स्केचअपची गोष्ट वेगळी आहे. ते ऑगस्ट २००० मध्ये निघालं, २००६ साली गूगलकडं गेलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची फुकट आवृत्ती आली. महाराष्ट्रातल्या इंटिरिअरवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीनं थ्रीडी शिकलं ते ‘गूगल स्केचअप’ म्हणूनच. कपाटाचं आतलं खण, ओट्याखालची ट्रॉली, लॉफ्टची उंची हे सगळं ग्राहकाच्या डोळ्यांसमोर फिरवून दाखवता यायला लागलं. नुसता प्लॅन बघून मान हलवणारे लोक मग खरं बोलायला लागले : ‘इथं माझा हात पोचणार नाही हो.’ २०१२ मध्ये मालकी पुन्हा बदलली. २०१३ पासून फुकट आवृत्तीचं नाव ‘मेक’ झालं आणि तिच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई आली. ती अट आपल्याकडे किती जणांनी वाचली हा वेगळा प्रश्न. २०१७ ची मेक ही शेवटची. त्यानंतर फुकट हवं असेल तर ब्राउझरमध्ये काम करायचं.

सॉफ्टवेअर भाड्यानं देण्यामागचं कारण म्हणून कंपन्या चोरीकडं बोट दाखवत आल्या आहेत, आणि चोरी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रॅक केलेल्या सीडी सर्रास फिरत. दुसरी पळवाट विद्यार्थी आवृत्तीची होती. तिच्यात काढलेला नकाशा प्लॉट केला की कागदाच्या चारही कडांना ‘हे शैक्षणिक उत्पादनातून बनलं आहे’ अशी इंग्रजी ओळ छापून यायची. बरं, ते त्या एका फाईलपुरतं राहत नसे. विद्यार्थी आवृत्तीत काढलेला एखादा दरवाजाचा ब्लॉक विकत घेतलेल्या ऑटोकॅडमधल्या नकाशात टाकला की तो शिक्का नव्या फाईललाही चिकटायचा. नवीन लागलेल्या मुलानं कॉलेजातून आणलेल्या एका कमोडच्या ब्लॉकमुळं अख्खा वर्किंग ड्रॉइंगचा संच शिक्क्यासकट छापून आलेला मी पाहिला आहे. भाड्याकडं जाण्यामागं चोरीपेक्षा मोठं कारण मात्र दुसरंच होतं. तीन-तीन वर्षं जुनी आवृत्ती वापरणारा, नवी न घेणारा इमानदार ग्राहक कंपनीच्या हिशेबात दरवर्षी शून्य भरत असतो. शेअर बाजाराला दर तिमाहीला येणारं ठरलेलं उत्पन्न आवडतं, आणि ते उत्पन्न या ग्राहकाकडूनच काढायचं होतं.

आता ‘कायमचा परवाना’ या शब्दाकडं वळू, कारण सगळा गुंता तिथं आहे. बिल फाडताना दुकानदार ‘विकलं’ म्हणायचा, आपण ‘घेतलं’ म्हणायचो, आणि डब्यातल्या कागदावर मात्र ‘परवाना’ असं लिहिलेलं असायचं. विकत घेतलेली वस्तू आपण दुसऱ्याला विकू शकतो. कपाट विकतो, गाडी विकतो, टी-स्क्वेअर विकतो. सॉफ्टवेअरचं काय? या प्रश्नाचा अमेरिकेतला निकाल नेमका ऑटोकॅडवरच लागला.

तिथल्या एका वास्तुविशारद फर्मनं ऑटोकॅडचं चौदावं रिलीज टाकून पुढची आवृत्ती घेतली. नवीन प्रत घ्यायची तर ३,७५० डॉलर होते, आणि जुनी असल्यामुळं ४९५ डॉलरमध्ये भागलं. त्या सवलतीच्या बदल्यात जुन्या प्रती नष्ट करायची अट होती. फर्मनं त्या नष्ट न करता विकून टाकल्या. वॉशिंग्टन राज्यातल्या एका माणसानं त्या घेतल्या आणि इंटरनेटवरच्या लिलावात ठेवल्या. ऑटोकॅडच्या कंपनीनं तक्रार करून त्याचा लिलाव बंद पाडला, तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं कौल दिला. १० सप्टेंबर २०१० ला अपील कोर्टानं तो उलटवला. कोर्टानं तीन गोष्टी तपासल्या : कागदावर ‘परवाना’ म्हटलं आहे का, तो दुसऱ्याला द्यायला मोठी आडकाठी घातली आहे का, आणि वापरावर ठळक बंधनं आहेत का. तिन्ही असतील तर तो माणूस मालक नाही, परवानाधारक आहे, आणि जो मालकच नाही तो विकणार काय? ऑटोकॅडच्या कागदावर तिन्ही होती. पश्चिम गोलार्धाबाहेर ते वापरायलासुद्धा मनाई होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला आणि विषय मिटला.

युरोपात बरोबर उलटं झालं. ३ जुलै २०१२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं की एकरकमी पैसे घेऊन बेमुदत परवाना दिला असेल तर ती विक्रीच आहे, कागदावर नाव काहीही असो. पहिल्या ग्राहकानं आपली प्रत वापरण्याजोगी ठेवली नाही, तर तो परवाना पुढं विकू शकतो, आणि डाऊनलोड केलेल्या प्रतीलाही हे लागू आहे. या निकालातला ‘बेमुदत’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. वर्षाच्या मुदतीनं दिलेल्या परवान्याला हा निकाल लावताच येत नाही. कंपन्यांनी २०१३ नंतर घाईनं भाड्याची वाट धरली तेव्हा हा निकाल त्यांच्या डोळ्यांसमोर होता का, हे त्या सांगणार नाहीत. पण भाड्यामुळं जुन्या परवान्यांच्या फेरविक्रीचा प्रश्न त्यांच्यापुरता मुळातूनच संपला, हे खरं.

भारतात हाच शब्द करांच्या खटल्यांत घोळत राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलं की तयार पॅकेज सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. पुढं मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की परदेशी सॉफ्टवेअर वापरण्यासाठी भारतीय ग्राहक जे पैसे देतो ते ‘रॉयल्टी’ नाहीत, कारण कॉपीराइट त्याच्याकडं येतच नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य असतील. पण ठाण्याच्या किंवा कोल्हापूरच्या दोन टेबलांच्या ऑफिसाला ‘मी घेतलेलं माझं आहे का’ याचं सरळ उत्तर त्यांतून मिळत नाही.

कायमचा परवाना कायम चालतो हेही तितकंसं खरं नव्हतं. डोंगलच्या काळात तरी हातात एक ठोकळा असायचा. तो मशीनच्या मागं लावला की काम सुरू. नंतर ॲक्टिव्हेशन आलं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरनं होकार दिला तरच सॉफ्टवेअर उघडणार. फोटोशॉपच्या सीएस२ पिढीचा असा सर्व्हर २०१३ च्या सुमारास बंद झाला, तेव्हा निदान त्या कंपनीनं ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत जुन्या ग्राहकांना दिली. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका मशीनचा मदरबोर्ड गेला. त्यावर रेंडरिंगचं, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढायचं, एक पॅकेज होतं. रोख घेतलेलं, बिल फाईलला लावलेलं, सीडीच्या कव्हरवर सीरियल नंबरचा स्टिकर जसाच्या तसा. बोर्ड बदलल्यावर मशीनची ओळख बदलली आणि पॅकेज पुन्हा कोड मागू लागलं. फोनवरच्या मुलीनं अगदी नम्रपणे सांगितलं की ती आवृत्ती आता ॲक्टिव्हेट करून मिळत नाही, वार्षिक योजना घ्या. एका सोसायटीच्या क्लब हाउसची रेंडर फाईल अर्धवट होती. ती पूर्ण करायला वर्षाचे पैसे भरले. दुसरा इलाज नव्हता.

ऑटोकॅडच्या बाबतीत हा बदल एका रात्रीत झाला असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. दोरी हळूहळू आवळली गेली. आधी २०१५ च्या फेब्रुवारीपासून जुनी आवृत्ती देऊन सवलतीत नवी घेण्याची सोय गेली. वर्षभरानं नवे कायमचे परवाने गेले. ज्यांच्याकडं ते आधीपासून होते आणि जे दरवर्षी देखभाल शुल्क भरत होते, त्यांचे हक्क शाबूत राहिले, पण ते शुल्क २०१७ मध्ये ५ टक्के, २०१८ मध्ये १० टक्के आणि २०१९ मध्ये २० टक्के वाढवलं गेलं. शेवटी ती योजनाच गुंडाळली. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही नामवंत वास्तुविशारद फर्मनी त्याच कंपनीच्या रेव्हिट या इमारतींच्या थ्रीडी सॉफ्टवेअरची वाढती किंमत आणि रखडलेल्या सुधारणा यांबद्दल उघडं पत्र लिहिलं, तेव्हा जगभरच्या ऑफिसांनी माना डोलावल्या.

लहान ऑफिसांना खरा फटका मात्र ऑगस्ट २०२० मधल्या बदलाचा बसला, आणि त्याची चर्चा कमी झाली. तोवर नेटवर्क परवाना असायचा. समजा चार परवाने आणि ड्राफ्ट्समन सात. सकाळी साइटवर गेलेल्यांच्या जागी बाकीचे काम करत, कोणी बाहेर पडला की त्याचा परवाना दुसऱ्याला मोकळा होई. कंपनीनं ही पद्धत बंद करून परवाना थेट माणसाच्या नावावर केला. बदल्यात एका नेटवर्क परवान्याला दोन नावं देऊ केली. कागदावर ते उदार दिसतं. पण जिथं एकाच परवान्यावर पाळीपाळीनं तिघं-चौघं हात फिरवत होते, तिथं उरलेल्यांसाठी नव्यानं पैसे मोजावे लागले.

स्केचअपचा २०२० च्या दरांनी हिशेब मांडणं सोपं आहे. जुन्या पद्धतीत ६९५ डॉलरमध्ये पहिल्या वर्षाची देखभाल धरलेली असे, पुढं हवी असल्यास वर्षाला १२० डॉलर. तीन वर्षांचे झाले ९३५. भाड्यानं तीन वर्षांचे ८९७. इथवर भाडं स्वस्त, आणि विक्रेते हाच तक्ता दाखवत. पाच वर्षं धरली की जुन्या पद्धतीचे ११७५, भाड्याचे १४९५. आणि देखभाल न घेता तीच आवृत्ती वापरत राहणाऱ्याचे पाचव्या वर्षीही ६९५ च. आपल्याकडे बहुतेक जण या तिसऱ्या प्रकारातले होते, त्यामुळं विक्रेत्याच्या तक्त्यात त्यांचा रकाना नसे. डॉलरची चढती किंमत आणि १८ टक्के जीएसटी यात धरलेला नाही.

भाड्याची बाजू घेणाऱ्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. नवं ऑफिस उघडणाऱ्या मुलामुलीला सुरुवातीला मोठी रक्कम घालावी लागत नाही, तीन महिन्यांचं काम असेल तर महिन्याच्या हिशेबानं घेता येतं, आणि सगळे एकाच आवृत्तीवर राहतात. स्केचअपमध्ये पूर्वी दर वर्षी फाईलचा साचा बदलायचा आणि सल्लागारानं पाठवलेली फाईल उघडायचीच नाही. २०२१ पासून ती कटकट संपली. ही सुधारणा चांगलीच आहे. मात्र ती भाड्याशिवाय करता आली नसती, असं मला वाटत नाही.

खरी अडचण फाईलची आहे. घराचा नकाशा वर्षभरात संपत नाही. बारा वर्षांनी मुलाचं लग्न ठरतं, गॅलरी आत घ्यायची असते, बाथरूमला गळती लागते, आणि ग्राहक जुन्या आर्किटेक्टला फोन करतो. वर्गणी बंद असली तरी डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाईल फुकटच्या व्ह्यूअरमध्ये दिसते, छापताही येते. पण भिंत सरकवायची तर सॉफ्टवेअर लागतं. महाराष्ट्रात कित्येक महापालिका बांधकाम परवानगीसाठी नकाशे ठरावीक लेअर आणि रंगांत काढलेल्या कॅड फाईलच्या रूपात मागतात, तिथं पीडीएफवर भागत नाही. दुसऱ्या टोकाला फॅब्रिकेटर अजूनही म्हणतो, ‘साहेब, २००७ मध्ये सेव्ह करून पाठवा,’ कारण त्याच्याकडं जुनीच आवृत्ती आहे आणि ती चालते.

म्हणूनच कायमचा परवाना देणाऱ्या पर्यायांकडं गेल्या काही वर्षांत लोक वळले. ब्रिक्सकॅड डीडब्ल्यूजीवरच चालतं आणि एकरकमी मिळतं. पूर्णपणे मुक्त असलेल्या फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. घरातल्या घरात फर्निचर मांडून बघणाऱ्याला स्वीट होम थ्रीडी पुरतं. आमच्याकडं सध्या ऑटोकॅडचं एकच नाव भरलेलं आहे, पालिकेच्या फाईलींसाठी. बाकीची तिघं ब्रिक्सकॅडवर आहेत, आणि २०१४ सालचा स्केचअपचा परवाना कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर अजून चालतो. त्या मशीनचा विंडोज अपडेट करायचा नाही, असा कागद त्यावर चिकटवला आहे.