निळ्या योद्ध्यांची नीळ

रोमन आक्रमणावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. ब्रिटनचा किनारा, धुक्यातून पुढे सरकणारी रोमन गलबतं, आणि अलीकडे टेकडीवर एक म्हातारी खलात वोड नावाच्या वनस्पतीची हिरवी पानं कुटते आहे. तरुण योद्धे एकेक करून पुढे येतात, ती खलात बोटं बुडवते आणि त्यांच्या गालांवर निळेशार पट्टे ओढते. तासाभरात लढाईला तोंड फुटतं.

यातली गलबतं खरी आहेत. म्हातारीही खरी असू शकेल. निळा रंग मात्र रसायनशास्त्राला मान्य होणारा नाही, कारण त्या पानांत निळा रंग नसतोच. खलात कुटली तर पालकाच्या रसासारखा हिरवा लगदा हाती येतो आणि अंगावर वाळला की मळकट हिरवट डाग उरतो. निळा रंग त्या पानांपासून घडवावा लागतो. त्याला दिवस लागतात, उष्णता लागते, आणि जुन्या पद्धतीत शिळं मूत्रही लागतं.

आधी पुरावा काय आहे ते पाहू. ज्युलियस सीझर इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये दोनदा ब्रिटनमध्ये उतरला. त्याने लिहून ठेवलं की सगळे ब्रिटन लोक ‘व्हिट्रम’ने स्वतःला रंगवतात, त्याने निळा रंग येतो आणि युद्धात ते अधिक भयंकर दिसतात. गंमत अशी, की हे वाक्य त्या बेटावरच्या लोकांच्या सर्वसाधारण वर्णनात येतं. किनाऱ्यावरची झुंज, घोड्यांचे रथ, अंगावर येणारे भाले हे सारं तो जिथे तपशिलाने सांगतो, तिथे निळ्या अंगाचा उल्लेखही नाही. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या काळात रोमन सैन्य पुन्हा आलं आणि टिकलं. त्या पुढच्या लढायांबद्दल टॅसिटस या रोमन इतिहासकाराने भरपूर लिहिलं. वेल्सजवळच्या मोना बेटावर काळ्या वस्त्रांत मशाली घेऊन धावणाऱ्या स्त्रिया आणि हात वर करून शाप देणारे ड्रुइड पुरोहित त्याच्या वर्णनात आहेत, निळे योद्धे नाहीत. आयसिनी टोळीची राणी बूडिका हिने इ.स. ६०–६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठाव केला. कॅसियस डायो या रोमन इतिहासकाराने तिचं जे चित्र काढलं आहे त्यात कमरेखाली पोचणारे केस, गळ्यात सोन्याचा जाड पिळाचा अलंकार, अंगात अनेक रंगांचा झगा आणि वर जाड शाल आहे. रंग आहेत, पण कापडावर.

‘व्हिट्रम’ या लॅटिन शब्दाचा दुसरा अर्थ काच. त्यामुळे सीझरला नेमकं काय म्हणायचं होतं यावर बराच वाद झाला आहे. माझ्या मते विट्रुव्हियसची साक्ष इथे मोलाची ठरते. हा रोमन वास्तुविशारद लिहितो की भारतातून येणारी नीळ कमी पडली की रंगारी खडूची पांढरी माती व्हिट्रमने रंगवून तिची नक्कल करतात. काचेने माती अशी रंगत नाही, वनस्पतीने रंगते. ती वनस्पती म्हणजे वोड, शास्त्रीय नाव आयसॅटिस टिंक्टोरिया. इंग्लंडमधल्या ड्रॅगनबी इथे लोहयुगाच्या अखेरच्या काळातले तिचे अवशेष सापडले आहेत. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या मिठाच्या खाणींत मिठामुळे टिकून राहिलेल्या प्राचीन कापडांतही निळीचा रेणू ओळखला गेला आहे. म्हणजे हा रंग त्या लोकांना येत होता, यात शंका नाही.

वोड आपल्या मोहरीच्या कुळातली. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुपका येतो, दुसऱ्या वर्षी उंच दांडा आणि त्यावर पिवळी फुलं. रंग हवा असेल तर पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पानं काढायची. दांडा वर आला की पानांतला रंगाचा कच्चा माल झपाट्याने घटतो. एक किलो ताज्या पानांतून चांगल्या हातोटीने एक ते चार ग्रॅम नीळ मिळते. आपल्याकडच्या निळीच्या झुडपातून याच्या कितीतरी पट मिळते. पुढे भारतीय निळीसमोर युरोपातल्या वोडची शेती टिकली नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

पानात निळा रंग नाही, मग आहे काय? तिथे इंडॉक्सिल नावाचा छोटा रेणू साखरेला जोडलेल्या अवस्थेत साठवलेला असतो. साखर तोडणारं विकर (एन्झाइम) त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात असतं. पान फाटलं की दोघं एकत्र येतात, साखर सुटते आणि इंडॉक्सिल मोकळं होतं. हे मोकळं इंडॉक्सिल रंगहीन आणि अत्यंत अस्थिर असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की दोन इंडॉक्सिल जोडले जातात आणि इंडिगोटिन, म्हणजेच नीळ, तयार होते. वाटेत गडबड झाली तर इंडॉक्सिल भलत्याच रेणूशी जुळतं आणि इंडिरुबिन नावाचा तांबडा भाऊ जन्मतो. निळीत जांभळट झाक दिसते ती बरेचदा याच्यामुळे.

आजचे हौशी रंगारी रंग काढतात तो असा. पानं हाताने फाडून ८० ते ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायची. मग भांडं थंड पाण्यात ठेवून पटकन ५० अंशांखाली आणायचं. इथे रेंगाळलं तर कच्चा माल विघटित होऊन रंग बुडतो. सगळ्यात जास्त घाणे याच पायरीवर फसतात. गाळून घेतलेल्या तपकिरी पाण्यात धुण्याचा सोडा घालून सामू (pH) ९ च्या आसपास न्यायचा, पाणी हिरवट होतं. मग रवीने दहा-पंधरा मिनिटं घुसळायचं. फेस आधी हिरवा, मग निळा होतो, आणि निळेपणा ओसरू लागला की थांबायचं. रात्रभर ठेवलं की तळाशी निळा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून साका दोन-तीनदा धुवायचा.

आता रंग तर मिळाला, पण तो पाण्यात विरघळत नाही! आणि जो विरघळत नाही तो धाग्यात शिरत नाही. कापडावर चोळला तर भुकटीसारखा बसतो आणि पहिल्या धुण्यात जातो. निळीचा रेणू सपाट असतो. शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना असे घट्ट धरतात की पाण्याला मध्ये शिरकावच मिळत नाही. घन नीळ वितळवायची तर ३९० अंशांच्या आसपास जावं लागतं.

यावर प्राचीन रंगाऱ्यांनी काढलेला तोडगा हा माणसाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर रासायनिक युक्त्यांपैकी एक आहे. निळीच्या रेणूत मधोमध कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो आणि त्याच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे दोन अणू कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेले असतात. या रेणूला दोन इलेक्ट्रॉन दिले, म्हणजे शालेय भाषेत त्याचं क्षपण केलं, की ते दोन्ही ऑक्सिजन ऋणप्रभारित होतात. प्रभार आला की पाण्याशी मैत्री होते आणि रेणू विरघळतो. त्याच वेळी रेणूतली दुहेरी बंधांची मांडणीही बदलते. आधी तो प्रकाशातला नारिंगी भाग शोषत होता म्हणून निळा दिसत होता. आता तो जांभळ्या टोकाचा प्रकाश शोषतो आणि पिवळट दिसतो. या रूपाला ल्यूको म्हणजे ‘पांढरी’ नीळ म्हणतात. हे द्रावण धाग्याच्या आत झिरपतं. कापड बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन ते दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो, रेणू पुन्हा निळा आणि अविद्राव्य होतो, पण आता तो धाग्याच्या आत अडकलेला असतो. पिवळसर हिरवं कापड डोळ्यांदेखत काही मिनिटांत निळं होत जातं.

मग इलेक्ट्रॉन देतं कोण? जीवाणू. नीळ विरघळवून कापड रंगवण्याच्या वोडच्या माठातून वेगळ्या काढलेल्या एका जीवाणूचं १९९९ मध्ये क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस असं नामकरण झालं, वोडच्याच नावावरून. त्याला ऑक्सिजन चालत नाही. ५० अंशांच्या आसपास तो सुखात असतो. निळीचा कण तो गिळू शकत नाही. पेशीबाहेरच्या मध्यस्थ रेणूंमार्फत इलेक्ट्रॉन त्या कणापर्यंत पोचतात. जुने युरोपीय रंगारी माठात गव्हाचा कोंडा आणि मंजिष्ठ घालत. कोंडा हे जीवाणूंचं अन्न, आणि मंजिष्ठेतली अँथ्राक्विनोन संयुगं इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे हमाल. आपल्याकडे निळीच्या माठात टाकळ्याच्या बिया घालण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात ज्याची भाजी होते तोच हा टाकळा, आणि त्याच्या बियांतही अँथ्राक्विनोन असतात. दोन टोकांच्या रंगाऱ्यांनी वेगवेगळ्या झाडांतून एकच गोष्ट शोधून काढली.

माठ अल्कधर्मी ठेवावा लागतो. लोहयुगातल्या गावात त्यासाठी दोन गोष्टी सहज मिळत: लाकडाच्या राखेचं पाणी आणि शिळं मूत्र. मूत्रातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात आणि सामू आपोआप ९ कडे जातो. लोकरीला हे मानवतं. सामू ११ च्या वर गेला तर लोकर खराब होते. माठ नीट लागला की आतलं पाणी पिवळट हिरवं दिसतं आणि वर तांब्यासारखी चमकणारी साय धरते. लोकर आधी भिजवून, पिळून, हवेचा बुडबुडा न शिरेल अशा बेताने आत सोडायची. पंधरा-वीस मिनिटांनी काढायची, तीही पाण्याच्या पृष्ठभागालगत पिळत, कारण वरून ओघळणारा प्रत्येक थेंब ऑक्सिजन आत नेतो. गडद रंगासाठी हे चार-पाच वेळा करायचं.

माठ बिघडतो तेव्हा कारणं ठरलेली असतात. रात्री थंडी पडली तर जीवाणू मंदावतात. उकळलं तर मरतात. कोंडा जास्त पडला तर आम्ल वाढून सामू घसरतो, राख जास्त झाली तर जीवाणूंचं काम थांबतं. फार ढवळलं तर सगळी नीळ पुन्हा तळाशी. अनेक देशांतल्या रंगाऱ्यांनी मात्र याचा दोष दृष्टीला, विटाळशीच्या सावलीला, गरोदर बाईच्या येण्याला दिला, आणि त्यापायी कित्येक बायकांना माठापासून लांब ठेवलं. माठाला विटाळ कळत नाही. त्याला तापमान, सामू आणि ऑक्सिजन एवढंच कळतं.

आता पुन्हा योद्ध्याच्या अंगाकडे येऊ. सीझरने वापरलेलं लॅटिन क्रियापद रंगात बुडवणं, मुरवणं या अर्थाचं आहे. रोमन लेखक प्लिनी ‘ग्लास्टम’ नावाच्या वनस्पतीबद्दल लिहितो, की ब्रिटन लोकांच्या बायका-सुना तिने सगळं अंग माखून काही धर्मविधींत विवस्त्र फिरतात. तिथलं क्रियापद माखण्याचं आहे, आणि युद्धाचं नावही नाही. दोन्ही क्रिया रासायनिकदृष्ट्या शक्य आहेत. वाळवलेली नीळ चरबीत खलून लावली तर रंग छान दिसेल आणि घामाने, घासण्याने उतरेल. माठात हात बुडवला तर गोष्ट वेगळी. कातडीचा सर्वांत वरचा थर लोकरीसारखाच केरॅटिनचा असतो, त्यामुळे तो खरोखर रंगतो. निळीच्या रंगाऱ्यांचे हात म्हणूनच दिवसेंदिवस निळे राहतात आणि नखं तर आठवडे.

अंगभर पातळ थर द्यायला माणशी दहा ग्रॅम नीळ धरली, तर हजार योद्ध्यांना दहा किलो लागेल. किलोमागे दोन ग्रॅमच्या हिशेबाने ही पाच टन पानं झाली. एवढी पानं लढाईच्या सकाळी खलात कुटून होत नाहीत. तेवढ्याच निळीत मात्र एक किलो वजनाची पाचशे ते हजार लोकरी वस्त्रं निळी होतात.

तिसरी शक्यता गोंदणाची. तिसऱ्या शतकात हेरोडियन हा इतिहासकार लिहितो की ब्रिटन लोक अंगावर प्राण्यांची चित्रं गोंदवतात आणि ती झाकली जाऊ नयेत म्हणून कपडे घालत नाहीत. गोंदायला नीळ कशाला हवी? काजळी पुरते. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओट्झी नावाच्या माणसाच्या शवावरचं गोंदण काजळीचंच आहे. आणि कातडीखाली गेलेली काळी काजळी वरून निळसर दिसते, कारण वरचा थर निळा प्रकाश जास्त विखुरतो. महाराष्ट्रातल्या आज्यांच्या हातांवरचं गोंदण हिरवं-निळं दिसतं, तेही बरेचदा काजळीचंच असतं. रोमन डोळ्याला असं अंग निळं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

वोडच्या नावावर बाजारात इतरही बरंच खपवलं जातं. ती अंगाला लावली की भीती नाहीशी होते, भास होतात, योद्धे त्या धुंदीत लढत, असे दावे वाचायला मिळतात. वोडच्या पानांत दाह कमी करणारं ट्रिप्टँथ्रिन हे संयुग आहे, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. धुंदीला मात्र आधार नाही. तसंच ‘नैसर्गिक नीळ’ शरीराला गुणकारी आणि कारखान्यातली घातक, हेही निराधार. जर्मनीत १८९७ मध्ये बाजारात आलेली कृत्रिम नीळ, वोडमधली नीळ आणि भारतीय नीळ यांतला इंडिगोटिन रेणू अणूला अणू सारखा आहे. फरक असतो तो सोबतच्या अशुद्धींचा.

रोमन लोकांकडे या रेणूची दोन नावं होती. अटलांटिकच्या काठावरच्या रानटी टोळ्यांचं ते व्हिट्रम, आणि दूरच्या भारतातून आलेलं महागडं ते ‘इंडिकम’, ज्यावरून इंडिगो हा शब्द आला. त्यांच्या सम्राटांचा जांभळा रंग समुद्रातल्या शंखवर्गीय गोगलगाईंचा. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलँडर यांनी बारा हजार गोगलगाईंतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला आणि तो तपासला, तेव्हा हातात आला तो निळीचाच रेणू, फक्त त्यातल्या दोन हायड्रोजनच्या जागी ब्रोमिनचे दोन अणू बसलेले. प्लिनीने भारतीय निळीची एक पारख लिहून ठेवली आहे: निखाऱ्यावर टाकून पाहा, अस्सल असेल तर उत्तम जांभळी ज्वाळा येते आणि धुराला समुद्राचा वास असतो. तापवलेली नीळ वितळण्याआधीच वाफ होऊन उडते आणि ती वाफ जांभळी असते. ब्रिटनमधल्या एखाद्या माठाच्या तळचा वाळका साका निखाऱ्यावर टाकला असता, तरी तोच जांभळा धूर निघाला असता.