सॅन फ्रान्सिस्को डॉन्सचा १९५१ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाने १९५१ साली सलग नऊ सामने जिंकले. एकही हरला नाही, एकही बरोबरीत सुटला नाही. तरीही हंगामाअखेरीच्या प्रतिष्ठेच्या ‘बोल’ सामन्याचे बोलावणे त्यांना आले नाही, कारण संघात ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते.

१८५५ साली स्थापन झालेले हे जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाचे) विद्यापीठ लहान होते आणि फुटबॉलचा खर्च त्याला पेलत नव्हता. प्रशिक्षक जो कुहारिच शिस्तीला कठोर होते. घरचे सामने केझार स्टेडियमवर होत. न्यूयॉर्कला जाऊन संघाने फोर्डहॅमला ३२–२६ असे हरवले. पुढे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७–१४ असा धुव्वा उडवला आणि लोयोलावर २०–२ अशा विजयाने हंगाम संपवला. चेंडू हाती घेऊन धावण्यात मॅटसन त्या वर्षी देशात पहिला आला: १,५६६ यार्ड, २१ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण).

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वंशभेद कायद्यानेच लादलेला होता आणि बरेचसे बोल सामने तिथेच होत. खेळाडूंनी पुढे सांगितल्याप्रमाणे, मॅटसन व टोलरला मागे ठेवून या, असे त्यांना सुचवण्यात आले होते. संघाने ते साफ नाकारले. या नकाराची किंमत समजून घ्यायला हवी. बोल सामन्याच्या उत्पन्नातून तोटा भरून निघण्याची आशा होती. ती मावळली आणि हंगामानंतर विद्यापीठाने संघच बंद केला. मॅटसन टेक्सासमध्ये जन्मलेला, टोलर टेनेसीतला. म्हणजे ज्या दक्षिणेने त्यांना दार बंद केले, तिथलीच ही दोन मुले.

या एका संघातून मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त झाला. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि ४×४०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळवले.

टोलरची वाट वेगळी. १९५२ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याचे खेळणे संपले. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी बनला, आणि १९८० च्या सुपर बोलमध्येही (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) त्याने काम पाहिले.

२००६ मध्ये विद्यापीठाने त्या संघातील हयात खेळाडूंना मानद पदव्या दिल्या. विद्यापीठातील एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ या घोषणेवर १९२० ची सिनेट निवडणूक लढवणारे हेच ते फेलन. २०१७ मध्ये ते नाव काढून वसतिगृहाला बर्ल टोलरचे नाव देण्यात आले.