जुनी विनोदी कॉमिक्स : संग्रह आणि मुखपृष्ठकारांची ओळख

अमेरिकेत साधारणपणे १९४० ते १९७० या काळात निघालेली विनोदी चित्रकथांची मासिके जमवणे आणि त्यांच्या निनावी मुखपृष्ठांमागचा चित्रकार शोधून काढणे, असा हा दुहेरी छंद आहे. अंक मिळवायचे, जपायचे, खंड पडलेला क्रम पुरा करायचा, हा त्यातला पहिला भाग कुठल्याही संग्राहकाच्या ओळखीचा. दुसरा भाग नजरेचा. अतिमानवी नायकांच्या कॉमिक्सभोवती गर्दी मोठी आणि पैसाही मोठा. पण चित्रकाराचा हात ओळखण्याची खरी गरज पडली ती विनोदी कॉमिक्सना, कारण डोनाल्ड डक, लिटल लुलू, आर्ची, रिची रिच यांच्या अंकांवर ज्याने चित्र काढले त्याचे नाव बहुधा छापलेच जात नसे.

मराठी वाचकाला हे चटकन पटणार नाही. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची सही चित्राच्या कोपऱ्यात असायचीच, आणि दिवाळी अंक हातात घेताना लोक ती सही पाहूनही घेत. अमेरिकी कॉमिक्सच्या धंद्याची घडी वेगळी होती. चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळत आणि त्याबरोबर चित्रावरचे सर्व हक्क प्रकाशकाकडे जात. पात्रे परवान्यावर घेतलेली असली तर नाव मालकाचे छापले जाई. डिस्नेच्या प्रत्येक अंकावर वॉल्ट डिस्ने हेच नाव, लुलूच्या अंकावर ‘मार्ज’ हे नाव. मार्ज म्हणजे मार्जोरी हेंडरसन ब्यूल. त्यांनी लुलूला १९३५ साली एका साप्ताहिकातल्या एकचौकटी व्यंगचित्रांत जन्म दिला होता, पण कॉमिकची पाने काढणारे हात दुसऱ्यांचे होते. शिवाय प्रकाशकाला पात्र नेहमी एकसारखे दिसायला हवे असे. आज याने काढले, उद्या त्याने, तरी मुलांना फरक कळू नये, अशी अपेक्षा. मुलांना तो कळत होता, आणि या छंदाचा सगळा पाया तिथेच आहे.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कार्ल बार्क्स (१९०१–२०००) यांचे. ऑरेगनमध्ये जन्मलेले बार्क्स आधी डिस्नेच्या चित्रपट विभागात होते. १९४२ साली त्यांनी जॅक हॅना यांच्यासोबत डोनाल्ड डकची एक लांब कथा कॉमिकसाठी काढली आणि १९४३पासून ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ या मासिकात दरमहा दहा पानांची गोष्ट लिहून-काढून देऊ लागले. १९४७च्या अखेरीस त्यांनी अंकल स्क्रूज हे पात्र निर्माण केले. मासिकाचा खप १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तीस लाखांच्या वर गेला, आणि एवढ्या वाचकांपैकी जवळजवळ कुणालाच त्या माणसाचे नाव ठाऊक नव्हते. तरी शाळकरी मुलांनी बदकांच्या गोष्टी बरोबर दोन ढिगांत वाटल्या होत्या. एका ढिगातला चित्रकार नुसताच बदके काढणारा, दुसऱ्या ढिगातला ‘चांगला बदकवाला’. अक्षराच्या वळणावरून पत्र कोणाचे ते ओळखावे, तसे त्यांनी रेषेच्या वळणावरून माणूस ओळखला होता. नाव तेवढे राहिले होते. १९६०मध्ये एका चाहत्याने चिकाटीने ते मिळवले आणि बार्क्स यांना पत्र पाठवले. इतक्या वर्षांत असे काही न आल्यामुळे कुणीतरी ओळखीचा आपली थट्टा करतो आहे, असेच त्यांना आधी वाटले.

बार्क्स यांच्या अंकांनी संग्राहकांना आणखी एक धडा दिला : आतला हात आणि बाहेरचा हात एकच असेल असे कधी धरून चालू नये. १९४०च्या दशकात याच मासिकाची बरीच मुखपृष्ठे वॉल्ट केली यांनी काढली. केली हेही डिस्नेच्या चित्रपट विभागातूनच आलेले, पुढे ‘पोगो’ या चित्रमालिकेमुळे नावारूपाला आलेले. त्यांची रेषा कुंचल्याची, जाड-बारीक होत वाहणारी, आणि त्यांचे बदक अंगाने लवचीक. बार्क्स यांचे बदक डोळ्यांनी बोलते. भुवई नसलेल्या जागी भुवईचा भास, बुबुळाची नेमकी दिशा, आणि मागे काळजीपूर्वक काढलेले जग : जहाजाचे दोर, मंदिराचे दगड, बर्फाच्या कडा. यासाठी ते ‘नॅशनल जिओग्राफिक’चे अंक समोर ठेवत. स्क्रूजच्या स्वतंत्र अंकांची मुखपृष्ठे पुढे बरीचशी त्यांनीच केली. निवृत्तीनंतर, १९७१ साली, ही पात्रे तैलरंगात रंगवण्याची परवानगी त्यांना मिळाली. त्यांनी स्वतःची कित्येक जुनी मुखपृष्ठे नव्याने रंगवली आणि खाली सही केली. ज्या चित्रांवर वीस-पंचवीस वर्षे दुसऱ्याचे नाव होते, त्यांच्यावर आपले नाव घालायला मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

हात ओळखण्याची रीत कॉमिक्सपेक्षा जुनी आहे. इटलीतले कलापारखी जोव्हानी मोरेली (१८१६–१८९१) यांनी जुन्या तैलचित्रांबद्दल सांगितले होते की चेहरा पाहू नका, कान आणि नखे पाहा. चेहरा चित्रकार विचार करून काढतो, कान सवयीने काढतो. विनोदी कॉमिक्सना हे तंतोतंत लागू पडते. आर्चीचा चेहरा कार्यालयाच्या नमुन्याबरहुकूम काढावाच लागे, त्यामुळे तिथे पुरावा कमी. तो सापडतो बोटांच्या ठेवणीत, बुटांच्या टाचांत, कोपराशी पडणाऱ्या घड्यांत, गवताच्या चार काड्यांत, पळणाऱ्या माणसामागे उठणाऱ्या धुळीत, कपाळावरून उडणाऱ्या घामाच्या थेंबांत. सरावलेला संग्राहक मुखपृष्ठ उलटे धरूनही पाहतो; विनोद डोळ्यांआड गेला की रेषा दिसू लागते.

आर्चीच्या अंकांवर ही कसोटी सर्वांत रंगते. आर्ची प्रथम डिसेंबर १९४१च्या ‘पेप कॉमिक्स’मध्ये आला, बॉब मॉन्टाना यांच्या हातून. १९४६पासून मॉन्टाना वर्तमानपत्रातल्या आर्चीच्या पट्ट्यांकडे वळले आणि अंकांचे काम बिल विगोडा, अल फॅगली आणि इतरांकडे गेले. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तीन हात ठळक होतात. डॅन डीकार्लो (१९१९–२००१) यांची रेषा स्वच्छ आणि देखणी. बेटी-व्हेरोनिकाच्या कपड्यांची फॅशन अचूक, उभे राहण्यात ऐट. हॅरी ल्यूसी यांची माणसे सगळ्या अंगाने बोलतात. राग आला तर पाठीचा कणा रागावतो, पडला तर माणूस खरोखरच पडतो. सॅम श्वार्ट्झ यांचा जगहेड, म्हणजे आर्चीचा मित्र, सैल, पोक काढलेला, आणि मागच्या बाजूला कुठेतरी गोष्टीशी संबंध नसलेली एखादी गंमत हळूच चाललेली. पुढे डीकार्लो यांचे वळण हेच साऱ्या प्रकाशनाचे वळण ठरले आणि बाकीच्यांना त्यांच्यासारखे काढावे लागले. तेव्हापासून ओळख फार अवघड झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या तिघांत ल्यूसी श्रेष्ठ. डीकार्लो यांची मुखपृष्ठे पाहून डोळा सुखावतो. ल्यूसी यांच्या मुखपृष्ठातून संवाद पुसून टाकला तरी विनोद तसाच उभा राहतो.

एकाच चित्रावर दोन हात असणे ही नेहमीची अडचण. एकाने पेन्सिलीने काढायचे, दुसऱ्याने त्यावर शाई फिरवायची. रूडी लॅपिकसारख्या शाई करणाऱ्याने तीन वेगवेगळ्या चित्रकारांच्या पेन्सिलीवर काम केले की तिघे थोडे थोडे एकसारखे दिसू लागतात. अशा वेळी रेषेची जाडी सोडून द्यावी आणि रचना पाहावी : माणूस चौकटीत कुठे उभा केला आहे, रिकामी जागा कुठे ठेवली आहे. लिटल लुलूचा गुंता याच जातीचा. १९४५चा पहिला अंक जॉन स्टॅन्ली यांनी स्वतः काढला. नंतर आतल्या गोष्टी ते कच्च्या रेखाटनांसह लिहून देत आणि पक्के चित्र बहुतांशी अर्व्हिंग ट्रिप करत. मग चित्र कोणाचे म्हणायचे? दोघांची नावे द्यावीत, हेच रास्त.

डेनिस द मेनेसच्या अंकांवर हँक केचम यांचे नाव असले, तरी कॉमिकमधले उत्तम काम अल वाइजमन यांचे. हार्वी प्रकाशनाच्या रिची रिच, कॅस्पर, हॉट स्टफ यांच्या मुखपृष्ठांमागे प्रामुख्याने वॉरन क्रेमर आहेत. एकच वस्तू, एकच विनोद, भोवती मोकळी जागा, ही त्यांची खूण.

या सगळ्याला अपवाद ‘मॅड’ हे विडंबनाचे मासिक. १९५२च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ हार्वी कर्ट्झमन यांचे. मे १९५४च्या अकराव्या अंकावर बेसिल वोल्व्हर्टन यांचा तो भयंकर स्त्री-चेहरा. आणि मासिकाचे रूप बदलल्यावर १९५६च्या अखेरीस तिसाव्या अंकावर नॉर्मन मिंगो यांनी रंगवलेला, दात पडलेला अल्फ्रेड ई. न्यूमन. मिंगो तेव्हा साठीचे होते. इथे नावे उघड होती, म्हणून ओळख पटवणाऱ्याला काम थोडे. पण सहीची चित्रे हाताशी असल्यामुळे तुलनेला आधार मिळतो.

नजरेला कागदोपत्री जोड हवीच. चित्रकारांच्या स्वतःच्या नोंदी, पैसे मिळाल्याचे हिशेब, मूळ चित्रांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे, म्हातारपणी दिलेल्या मुलाखती, यांवर ही विद्या उभी आहे. जेरी बेल्स आणि हेम्स वेअर यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकी कॉमिक्समधल्या माणसांची चार खंडांची सूची काढली. त्यातले वेअर तर हात ओळखण्यातले जाणकार म्हणूनच मानले जात. १९९४पासून ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हे काम स्वयंसेवकांच्या बळावर पुढे नेत आहे. तिथे खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालतात. ते प्रश्नचिन्ह फार मोलाचे आहे. विक्रेत्याला मोठे नाव हवे असते, कारण त्याने किंमत चढते. आणि एकदा चुकीचे नाव छापले गेले की एका यादीतून दुसरीत उतरत राहते. चुकीच्या नावामुळे खरा चित्रकार दुसऱ्यांदा निनावी होतो.

आता अंकांविषयी. डेल प्रकाशनाची ‘फोर कलर’ ही मालिका नवशिक्याला चक्रावून टाकते. १९३९ ते १९६२ या काळात तिचे तेराशेहून अधिक अंक निघाले आणि जवळजवळ प्रत्येक अंकावर निराळे पात्र. आज डोनाल्ड, उद्या लुलू, परवा एखादा काउबॉय. म्हणून मुखपृष्ठावरच्या मोठ्या नावापेक्षा आतल्या बारीक टाइपातला प्रकाशनाचा मजकूर आधी वाचावा. किंमतही काळ सांगते : वर्षानुवर्षे दहा सेंट, मग १९६१मध्ये डेलने एकदम पंधरा केले, तर इतर बहुतेक प्रकाशक बारावर गेले. उभी मधोमध घडी दिसली तर तो अंक वर्गणीदाराला टपालाने दुमडून गेलेला असतो. मुखपृष्ठावरचा वरचा पट्टा फाटलेला असेल तर तो बहुधा न खपलेला अंक. विक्रेता तो पट्टा परत पाठवून पैसे वळते करून घेई.

विनोदी अंक लाखांनी छापले गेले आणि तरी चांगल्या अवस्थेत दुर्मीळ आहेत, कारण मुलांनी ते वाचले. कोडी सोडवली, कूपने कापली, खाटेखाली सारली. आतला कागद वर्तमानपत्री, आम्लयुक्त. उजेडात आणि दमटपणात तो पिवळा होऊन कुरकुरीत होतो, पिनांना गंज चढतो. पारदर्शक पॉलिस्टरचे पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंधारी कोरडी जागा, एवढे पुरते. २०००पासून अंकाला दहापैकी गुण देऊन तो कठीण प्लॅस्टिकच्या कवचात कायमचा बंद करण्याची पद्धत रूढ झाली. अंक सुरक्षित राहतो हे खरे, पण आतली पाने पुन्हा पाहता येत नाहीत, आणि हात ओळखणाऱ्याला तर आतल्या पानांशी तुलना हवी असते. त्याच्यासाठी घडी पडलेला, डाग लागलेला, स्वस्त अंकच उपयोगाचा.

महाराष्ट्रात या परंपरेचा सर्वांत परिचित अवशेष म्हणजे आर्चीचे छोट्या आकाराचे डायजेस्ट. अमेरिकेत ते १९७३पासून निघू लागले. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरच्या ढिगांत, रद्दीच्या दुकानांत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत ते अनेकांनी चाळले आहेत. त्यांचे मुखपृष्ठ सहसा नवे असते, आतल्या गोष्टी मात्र बऱ्याचदा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, पुन्हा छापलेल्या. त्यामुळे एकाच जाड पुस्तकात आठ पाने ल्यूसी, पुढची सहा श्वार्ट्झ, मग डीकार्लो, असे सगळे हात नावाशिवाय एकापाठोपाठ भेटतात. नजर घडवायला याहून सोयीचा संच नाही, आणि मुखपृष्ठ फाटलेली प्रत त्यासाठी अजिबात कमी प्रतीची नाही.