गिनीज जिंकली म्हणजे डर्बी खिशात?

डिसेंबरमध्ये इंडियन २००० गिनीज या घोड्यांच्या शर्यतीचा निकाल लागला की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडमध्ये दरवर्षी तोच सूर: ‘फेब्रुवारीची इंडियन डर्बीची शर्यत याचीच, आत्ताच पैजेचा भाव धरून ठेवा.’ हा समज जुना आहे आणि साफ फसवा आहे.

गिनीज १६०० मीटरची, डर्बी २४०० मीटरची. वेगावर जिंकलेला घोडा वरच्या ८०० मीटरला पुरेलच असं नाही. म्हणून गिनीज किती फरकानं जिंकली यापेक्षा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये काय झालं ते बघा. जिंकणारा थकत आला होता का? तिसरा-चौथा आलेला वेग वाढवत होता का? आणि वंशावळ: बाप-आईकडून लांब पल्ल्याचा दम आलाय का? माझ्या मते असा वेग वाढवत तिसरा-चौथा आलेला बहुतेकदा जास्त अभ्यासण्यासारखा असतो.

इंग्लंडमध्येही हेच. १९८९ च्या नॅश्वाननंतर तिथली २००० गिनीज आणि एप्सम डर्बी दोन्ही जिंकणारा घोडा थेट २००९ मध्ये आला, सी द स्टार्स. २०११ ची गिनीज मारणारा अजिंक्य फ्रँकेल तर डर्बीत उतरलाच नाही.

शिवाय बंगळूर, हैदराबादचे घोडे गिनीज न पळताही डर्बीला येऊ शकतात. घोड्यांपुढे घोडीचं काही चालत नाही, हाही गैरसमजच. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनंच जिंकली होती.

आगाऊ भाव, म्हणजे शर्यतीच्या बऱ्याच आधी पैज लावताना मिळणारा भाव, मोठा दिसतो त्याचं कारणही साधं: घोडा लंगडला, पळालाच नाही, तर अशा पैजेचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.