कुबडी काखेत घट्ट बसवायची नसते

पाय मोडला किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, की जळगाव-धुळ्याकडे घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: कुबडी काखेत घट्ट बसली पाहिजे, तरच आधार मिळतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यातून इजा होऊ शकते. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या तिथे फारशा संरक्षित नसतात. शरीराचा भार दिवसेंदिवस त्यांच्यावर पडत राहिल्यास बोटांना मुंग्या येतात, आणि पुढे मनगट वर उचलणेही कठीण होते.

भार पेलायचा तो तळहातांनी. ताठ उभे राहिल्यावर कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली राहावा, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यावी आणि ती धरल्यावर कोपर 15 ते 30 अंशांत किंचित वाकलेले असावे. वरची गादी काखेत न रुतवता छातीच्या कडेला दाबून धरावी. माप घेताना नेहमीची चप्पल पायात असावी, कारण टाचेच्या उंचीने माप बदलते. शेजाऱ्याच्या माळ्यावरची जुनी कुबडी आपुलकीने मिळते, पण तिचे माप बहुधा दुसऱ्याचेच असते, म्हणून ती आधी जुळवून घ्यावी.

खालचे रबर झिजले असेल, तर ते लगेच बदलावे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात रबराला चिकटतो आणि घरातल्या फरशीवर कुबडी सटकते. उंबऱ्याशीच ते पुसून घ्यावे.