दिव्यांग मुलाचे प्रमाणपत्र आणि दरमहा अनुदान : ग्रामीण पालकांसाठी अर्जाची माहिती

घरात दिव्यांग मूल असेल, तर शासनाच्या जवळपास प्रत्येक सवलतीसाठी पहिल्यांदा मागितला जातो तो दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड. मोलमजुरी करणाऱ्या आईवडिलांना जिल्हा रुग्णालयाच्या एका हेलपाट्यात दिवसाचा रोज बुडवावा लागतो, वर गाडीभाडे पडते आणि मुलाचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून घर सोडण्यापूर्वी कागद नीट लावून घेणे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. डोळे, कान किंवा हातपाय यांपुरताच हा विषय नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणे), बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांच्याबरोबरच सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्या यादीत आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात, तरी आपल्या मुलाला हा दाखला मिळू शकतो हे तिथल्या अनेक पालकांना कोणी सांगितलेलेच नसते. बहुतेक योजनांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. कार्डाचा रंगही टक्केवारीप्रमाणे ठरतो : ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या आत असल्यास पिवळा आणि त्यापुढे निळा.

मूल वेळेवर मान धरत नाही, बोलत नाही किंवा हाक मारली तरी वळून पाहत नाही, अशी शंका असेल, तर अंगणवाडीसेविकेला किंवा आशाताईंना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते आणि गरजेप्रमाणे मुलाला पुढील तपासणीसाठी पाठवते. तेथील तपासणीचे कागद जपून ठेवावेत, कारण दाखल्याच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

दाखल्यासाठीचा अर्ज १ जून २०२१ पासून केवळ शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) ऑनलाइन करावा लागतो. मोबाइलवर जमत नसेल, तर आपले सरकार सेवा केंद्रातून भरून घ्यावा. मुलाचा अलीकडचा फोटो, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पालकाची सही किंवा अंगठा आणि असतील ते वैद्यकीय अहवाल सोबत न्यावेत. जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड या तिन्हींवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का, हे अर्जाआधी पाहावे. एका वेलांटीच्या फरकानेही पुढे अर्ज अडकू शकतो.

आधारच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पाच वर्षांच्या आतील मुलाचे ठसे घेतले जात नाहीत, मात्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाची मूठ त्याची आई यंत्रासमोर अर्धा तास उलगडत बसलेली मी पाहिली आहे. बोटे उघडली की पुन्हा मिटत, मूल रडे आणि रांगेतले लोक घाई करीत. ज्यांचे ठसे किंवा बुबुळे घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी आधार नोंदणीत अपवादाची तरतूद आहे. पालकांनी ती स्पष्ट शब्दांत मागावी. मुलाची बोटे ओढण्याची काहीही गरज नाही.

अर्जानंतर रुग्णालयात तपासणी होते. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या दिव्यांग मंडळाचे वार ठरलेले असतात आणि कान किंवा बुद्ध्यांकाची चाचणी वेगळ्या दिवशी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी वार विचारून घ्यावा. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरता दाखला मिळतो, त्यावरील मुदतीची तारीख घरात सहज दिसेल अशा जागी लिहून ठेवावी. दाखला नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्याच्या कलम ५९ ने दिला आहे.

दाखला हाती आल्यावर तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत अर्ज करावा. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते आणि महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, यूडीआयडी कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी या योजनेचे अनुदान दरमहा २,५०० रुपये झाले आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. खर्च आधी स्वतः करून मागाहून मागायचा असल्याने प्रत्येक बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सांभाळावी लागते. याखेरीज ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन त्याचा हिशेब विचारता येतो, आणि तो प्रत्येक पालकाने विचारावा असे मला मनापासून वाटते.

निरामय योजनेतील याच चार प्रकारच्या दिव्यांगत्वात मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते, आणि त्याच्या वतीने बँकेत किंवा कार्यालयात सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार आपोआप पुढे चालत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. वाढदिवस उलटताच तो द्यावा.