कोलंबाइनचा ठपका मॅन्सनवर कसा आला?

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळच्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून १२ विद्यार्थ्यांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि शेवटी स्वतःलाही संपवले. मृतांचे अंत्यविधी उरकण्याआधीच टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत मॅरिलिन मॅन्सन या रॉक गायकाचे नाव गाजू लागले. ही मुले त्याची भक्त होती, त्याच्या गाण्यांनी त्यांचे डोके फिरवले, असे छातीठोकपणे सांगितले गेले. ते खरे नव्हते. ती मुले ऐकायची केएमएफडीएम आणि रामश्टाइन हे जर्मन बँड. पण पांढराफटक चेहरा, काळे कपडे आणि एका नटीच्या नावाला खुनी टोळीप्रमुखाचे आडनाव जोडून घेतलेला हा माणूस लोकांच्या मनातल्या आरोपीच्या चित्रात चपखल बसला. ते चित्र मात्र एका रात्रीत तयार झाले नव्हते. त्यात चाळीसेक वर्षे रंग भरले जात होते.

रॉक अँड रोल जन्मला तेव्हाच त्याच्यावर हा शिक्का बसला. १९५५च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या शाळेतल्या गुंडगिरीवरच्या चित्रपटाची सुरुवात ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या गाण्याने होत होती. बिघडलेली पोरे आणि हे संगीत ही जोडी तिथून पक्की झाली. दक्षिणेकडच्या राज्यांत या भीतीला वर्णद्वेषाचीही धार होती. कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्या मुलांना नादी लावते, म्हणून अलाबामातल्या गोऱ्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. एप्रिल १९५६मध्ये बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल या गायकावर गाणे चालू असताना मंचावर चढून हल्ला झाला. हिंसा संगीतातून येते असे म्हणणाऱ्यांच्याच गोटातून ही हिंसा आली, हे विसरता येत नाही.

१९५८मध्ये तर कमालच झाली. लिंक रे या गिटारवादकाची ‘रंबल’ ही रचना काही रेडिओ केंद्रांनी लावायचीच बंद केली, कारण ‘रंबल’ म्हणजे टोळ्यांची मारामारी, आणि ती ऐकून पोरे भांडतील. त्या रचनेत एकही शब्द नाही. नुसती गिटार आहे.

पुढचा मोठा टप्पा १९८५चा. वॉशिंग्टनमधल्या वजनदार राजकारण्यांच्या पत्नींनी पालकांची एक संस्था काढली होती. आक्षेपार्ह शब्दांच्या गाण्यांवर पालकांसाठी इशारा छापावा, ही तिची मागणी होती. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर त्यात पुढे होत्या. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली. रॉक संगीतकार फ्रँक झापा, ट्विस्टेड सिस्टर बँडचा डी स्नायडर आणि सौम्य गाण्यांसाठी ओळखला जाणारा जॉन डेन्व्हर, अशा तिघांनी तिथे येऊन विरोध नोंदवला. तरीही रेकॉर्ड कंपन्यांनी माघार घेतली आणि पालकांना सावध करणारे स्टिकर कॅसेटवर आले. पालकांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण गाणे ही जपून हाताळायची, घातक वस्तू आहे, या समजावर त्या दिवशी जणू सरकारी मोहोर उमटली.

मग प्रकरणे कोर्टात जाऊ लागली. कॅलिफोर्नियात एका तरुणाने आत्महत्या केली होती. त्याच्या पालकांनी ऑझी ऑस्बोर्न या रॉक गायकाविरुद्ध केलेला दावा टिकला नाही, कारण गाण्याच्या शब्दांना अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण आहे. नेवाडातल्या रिनो शहरात १९९०मध्ये चाललेला ज्यूडस प्रीस्ट या बँडवरचा खटला इथूनच समजून घ्यावा लागतो. डिसेंबर १९८५मध्ये १८ आणि २० वर्षांच्या दोन मित्रांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. एक जागीच गेला, दुसरा जबर जखमी होऊन तीन वर्षांनी. उघड शब्दांवर दावा चालत नाही म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांच्या वकिलांनी छुप्या शब्दांचा मुद्दा काढला. त्यांचे म्हणणे, या बँडच्या एका गाण्यात ‘डू इट’, म्हणजे ‘करून टाक’, असे शब्द कानाला जाणवणार नाहीत अशा रीतीने दडवले आहेत. न जाणवणारा संदेश हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही, असे न्यायाधीशांनी आधीच ठरवल्यामुळे दावा उभा राहिला. गायक रॉब हॅलफर्डला साक्षीच्या पिंजऱ्यात गाऊन दाखवावे लागले. शेवटी न्यायाधीशांनी निकाल दिला की तो आवाज म्हणजे गिटारचा सूर आणि गायकाचा उच्छ्वास यांचा योगायोगाने झालेला मिलाफ आहे. बँड सुटला. त्या दोन मुलांच्या घरातली मारहाण, त्यांची नशा, सुटलेली शाळा हे सगळेही त्याच खटल्यात पुढे आले होते. बातम्या मात्र छुप्या शब्दांच्याच झाल्या.

आणि ज्यांच्यामागे ना कंपनी होती ना महागडे वकील, त्यांचे काय झाले? आर्कान्सॉ राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये १९९३ साली आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. संशय तीन किशोरवयीन मुलांवर गेला. सैतानपूजेच्या आरोपाला बळ देण्यासाठी काळे कपडे आणि मेटॅलिका या बँडची आवड यांचाही पुराव्यासारखा वापर झाला. एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप. तिघे सुटले ते १८ वर्षांनी, ऑगस्ट २०११मध्ये, आणि तेही एका कायदेशीर तडजोडीने. निर्दोष ठरवून नव्हे. या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे. टी-शर्टवरून माणूस ओळखण्याची किंमत किती असू शकते, हे इथे दिसते.

कोलंबाइन घडले तेव्हा हे सगळे साहित्य हाताशी तयार होते. मॅन्सनने दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द केले. दोन आठवड्यांत सिनेटच्या समितीसमोर मनोरंजनातल्या हिंसेवर सुनावणी सुरू झाली. बंदुकांची गोष्ट जरा उशिरा लोकांपर्यंत पोहोचली. चारपैकी तीन बंदुका एका १८ वर्षांच्या मैत्रिणीने शस्त्रांच्या जत्रेतल्या खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. अशा विक्रेत्याला खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन नव्हते. ती पळवाट कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०००मध्ये मतदान करून बंद केली.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून शाळांवरचे ३७ हल्ले तपासले. त्यांचा अहवाल २००२मध्ये आला. ८१ टक्के प्रकरणांत किमान एका माणसाला, बहुधा मित्राला, हल्लेखोराच्या मनातले आधीच ठाऊक होते.

कोलंबाइनच्या बाबतीत तर पोलिसांनाही सुगावा होता. दोघांपैकी एका मुलाने आपल्या वेबसाइटवर उघड धमक्या लिहिल्या होत्या, बाँबविषयी लिहिले होते. एका कुटुंबाने तक्रार केली. १९९८मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या वर्षभर आधी, जेफरसन काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयात त्याच्या घराच्या झडतीसाठी प्रतिज्ञापत्राचा मसुदाही तयार झाला. तो न्यायाधीशांपुढे गेलाच नाही. तो कागद २००१मध्ये लोकांसमोर आला. त्याच वर्षी जून महिन्यात मॅन्सनचा कार्यक्रम डेन्व्हरला ठरला, आणि तो रद्द करा म्हणून शहरात पुन्हा मोहीम सुरू झाली.